सहा बोटं कमी झालेले मन्मथअप्पा

राणीसावरगावच्या आसपास विहिरीची खोली अजून परसात सांगतात. माणसानं सरळ उभं राहायचं, एक हात डोक्याच्या वर पुरता ताणायचा. टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं भरेल तेवढा एक परस. सरकारी कागदावर मीटर असतात, पण कागद कधी विहिरीत उतरत नाही, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेत नाही. माणसं मात्र उंच-बुटकी असतात. तेव्हा परस धरायचा तर कुणाचा, हा प्रश्न निघतोच. भोवतालच्या सात-आठ गावांनी तो पन्नास वर्षांपूर्वी सोडवून टाकला, आणि तेही सभा, ठराव, चहा यांपैकी काहीही न होता. परस धरायचा तो मन्मथअप्पांचा.

ऐन उमेदीत अप्पा पाच फूट साडेनऊ इंच भरत. याला कागदी पुरावा आहे. पूर्णेला रेल्वेत खलाशांची भरती निघाली तेव्हा अप्पा जाऊन मापाला उभे राहिले, मापात बसले, आणि “घरचं रान काय इंजिन नांगरणार हाय का?” असं वडलांनी विचारल्यावर परत आले. उंचीची ती चिठ्ठी ट्रंकेत अजून शाबूत आहे. त्यांच्या निवडीचं आणखी एक कारण असं, की विहिरीचा मालक त्यांना खोदणाऱ्यांचा माणूस समजे आणि खोदणारे मालकाचा. दोन्हीकडून सारखाच संशय असल्यावर निवाडा करायला अडचण येत नाही.

मापायची रीत ठरलेली होती. दर वेळी कोरा दोर. अप्पा दोराचं टोक टाचेखाली दाबत, हात वर ताणत, आणि बोटाच्या टोकाशी दुसरा कुणी गाठ मारी. मग ती गाठ टाचेखाली, वर पुढची गाठ. असा गाठी मारलेला दोर दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि गाठी मोजायच्या. एकदा मापलेला दोर पुन्हा का वापरत नाही, असं कुणी विचारलं तर अप्पा शांतपणे सांगत, “दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो. त्याचा काय भरोसा? माणूस हाय तेवढाच राहतो.”

हे त्यांनी पन्नास वर्षं सांगितलं आणि पन्नास वर्षं लोकांनी माना डोलावल्या.

यथावकाश अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. पाठ खांद्यांच्या मागं हळूहळू गोल होत गेली. गळ्यातलं इष्टलिंग पूर्वी छातीला टेकून असे. आता चालताना ते छातीपासून सुटून समोर लोंबे, गवंड्याच्या ओळंब्यासारखं. ओळंबा सरळ होता, भिंत कलली होती. गावात हे सगळ्यांना दिसत होतं. अप्पांना दिसायचं काही कारण नव्हतं.

“अप्पा, लय वाकलाव की,” असं पारावरचं कुणी म्हणालंच तर उत्तर तयार असे. “वाकलो न्हाई. खाली बगून चालायलोय. रस्ता कसाय बगा की.”

अप्पांची सून ईश्वरी गावची आशा कार्यकर्ती. गेल्या हिवाळ्यात गंगाखेडला हाडांच्या तपासणीचं शिबिर होतं. ती सासूबाईंना, म्हणजे शिवम्मांना, तिथं घेऊन गेली. अप्पा सोबतीला. एका छोट्या मशीनमध्ये टाच ठेवायची, की हाडं किती भरीव आणि किती पोकळ ते आकड्यात येतं. शिवम्मांची हाडं वयाला शोभतील अशी निघाली. बाकावर रिकामे बसलेले अप्पा पाहून तिथली बाई म्हणाली, “बाबा, तुमचीपण ठेवा.” आग्रह मोडवेना म्हणून अप्पांनी ठेवली. उणे तीन पूर्णांक एक आलं.

“उणे?” अप्पा म्हणाले. “शाळेत मला शून्य मिळालंय, खोटं कशाला बोलू. पण उणे कदीच न्हाई.”

“अप्पा, म्हंजे हाडं ठिसूळ झाल्यात,” ईश्वरी म्हणाली.

“ते बायकांचं दुखणं हाय. मशीनमदी तुज्या सासूची टाच ऱ्हायली असंल.”

“माझी टाच मी परत घेतली,” शिवम्मा म्हणाल्या.

मग एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, पण आडत दुकानदाराच्या घरातले असावेत. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, “पोत्यांची थप्पी लावली की खालचं पोतं दबतं ना? तुमच्या पाठीतली दोन पोती दबलीत.”

“कवा दबली?”

“ते तुम्हीच आठवा. वजन उचलताना, नाहीतर नुसतं खोकतानासुद्धा. पुष्कळांना कळतही नाही.”

अप्पांना आठवलं. दोन वर्षांमागं सोयाबीनचं पोतं उचलताना पाठीत उसण भरली होती. शिवम्मांनी तेल चोळून, वीट गरम करून शेकलं होतं, आणि अप्पा आठ दिवसांत उठले होते. उठले ते किती उठले, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं.

डॉक्टरांनी अप्पांचं वाकून वजन उचलणं बंद केलं. रोज भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभं राहायला सांगितलं. “आणखी एक मणका बसला तर बाक वाढेल, आणि पडलात तर खुबा मोडेल,” असंही सांगितलं. शिवाय आठवड्यातून एक गोळी दिली. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही.

इथं सगळं अडलं. अप्पा लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. पूजा संपली, लिंग पुन्हा गळ्यात गेलं, की पुढच्या क्षणाला शिवम्मांच्या हातचा चहा समोर येतो. पंचावन्न वर्षांत त्याला उशीर झालेला नाही. पूजा आणि चहा यांच्यामध्ये अर्धा तास घुसवणं अप्पांना धर्माविरुद्ध वाटलं. कुठल्या धर्माविरुद्ध, ते त्यांनी सांगितलं नाही. गोळ्या डब्यात राहिल्या.

ईश्वरीनं एक प्रयत्न करून पाहिला. अंगणवाडीतल्या उंचीच्या पट्टीला तिनं अप्पांना उभं केलं. पाच फूट सहा इंच. ट्रंकेतली चिठ्ठी आणून तिनं शेजारी धरली.

“साडेतीन इंच कमी, अप्पा.”

“ही पट्टी लेकराची हाय,” अप्पा म्हणाले. “लेकराच्या पट्टीनं मोठं माणूस मापलं तर कमीच भरणार.”

ईश्वरीनं चिठ्ठीची घडी घातली आणि ती पुन्हा ट्रंकेत ठेवली.

मे महिन्यात नर्मदाबाईंच्या विहिरीचा गाळ निघाला. नर्मदाबाई अप्पांच्या शेजारच्या शेताच्या मालकीण. वय सत्तरीपुढं, आवाज तिशीतला. त्यांची विहीर चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची. ती खोदली तेव्हा अप्पांनीच मापली होती, दहा परस. मधल्या काळात काठाची माती, पालापाचोळा, एक बादली, दोन मोबाईल असं बरंच काही तळाशी जाऊन बसलं होतं. गाळ उपसायला सिद्धोधनची यारी आली. यारी म्हणजे विहिरीवर उभं करायचं लोखंडी यंत्र. तारेला लोंबणारी मोठी बादली गाळ वर आणते. बोली साधी होती. अप्पांचे दहा परस भरले की तळ आला. तळ आला की यारी पुढच्या गावाला.

पाचव्या दिवशी सकाळी सिद्धोधनचा निरोप आला. अप्पा कोरा दोर घेऊन गेले. टाचेखाली दोर दाबला, हात ताणला. सिद्धोधन गाठी मारत गेला. दगड खाली टेकला. काठावर पाच-सहा माणसं होती. त्यांनी मोठ्यानं मोजलं. बरोबर दहा.

“तळ आला,” अप्पा म्हणाले आणि रुमालानं हात पुसले.

नर्मदाबाई काठावरून वाकून पाहत होत्या. “झरा कुठंय?”

“कसला झरा?”

“उगवतीकडं, तळाच्या काळ्या दगडात. मुठीएवढं भोक. त्यातनंच तर पाणी येतंय.”

“आटला असंल.”

“आटला तर पाणी जाईल, अप्पा. भोक कुठं जाईल?”

सिद्धोधन बादलीत बसून खाली जाऊन आला. “मावशी, खाली नुसता चिखल हाय.”

“चिखल हाय म्हंजे तळ न्हाई. माझ्या विहिरीचा तळ काढताना सुरुंग लावलेत बाबा. चिखलाला कुणी सुरुंग लावतंय का?”

“नर्मदाबाई,” अप्पा म्हणाले, “पन्नास वर्सं माप घ्यायलोय. दहा म्हणलं म्हंजे दहा. मापात झऱ्याचं काय काम?”

“मापावर माझा भरोसा हाय. मापणाराकडं बगून जीव घाबरा व्हायलाय.”

काठावर कुणीतरी हसलं, आणि आपण हसलो नाही असं दाखवायला खोकलं. सिद्धोधननं मधला मार्ग काढला. “आमी काय सांगणार? अप्पा म्हणतील ते. दुपारी यारी सोडायला घेतो. उद्याच्याला पेडगावला काम धरलंय.”

यारी एकदा गेली की पावसाच्या आत परत येत नाही. झरा गाळाखाली राहिला तर नर्मदाबाईंच्या हळदीला पुढचं वर्ष अवघड होतं. आणि झरा निघाला तर अप्पांना अवघड होतं, ते एका वर्षापुरतं नव्हे. सात-आठ गावांतल्या विहिरी त्यांच्या शब्दावर उभ्या होत्या.

अप्पा घरी आले ते रागातच. रोजच्या सवयीनं हात वर केला, रुमाल खुंटीला अडकवला आणि म्हणाले, “आज दिवसच वाईट हाय. ईश्वरी, ते कॅलेंडर खाली दे. अमावास्या हाय का बगू.”

खताच्या दुकानाचं ते छोटं कॅलेंडर खुंटीच्या लगेच वर, जवळजवळ माळवदाला टेकेल असं लावलेलं होतं. इतक्या उंचावर ते का लावलंय, हा प्रश्न अप्पांना पडला नव्हता. वाचायला मान वर करावी लागे, आणि मान वर करणं त्यांनी अलीकडं सोडून दिलं होतं.

“नगं गं!” स्वयंपाकघरातून शिवम्मा ओरडल्या.

तोवर ईश्वरी स्टुलावर चढून कॅलेंडर घेऊन उतरली होती. कॅलेंडरच्या मागं भिंतीत एकाखाली एक तीन भोकं होती, चुन्यानं बुजवलेली. त्यांच्या खाली खुंटी, आणि खुंटीवर रुमाल.

“हे काय?”

“खुंटी सैल झाल्ती,” शिवम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“तीनदा?”

“वजनानं झाली असंल.”

“रुमालाच्या?”

शिवम्मांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, “तुमचा हात पोचंना झाल्ता. रोज रुमाल खाली पडायचा अन् तुमी खुंटीला शिव्या द्यायचाव. खुंटीची काय चूक? तुमी शेताला गेलाव की मी बत्त्यानं ठोकून खाली घेतली.”

“कदीपासनं?”

“पयल्यांदा ईश्वरी लग्न होऊन आली त्या साली. मागनं दोनदा.”

“मला कुणी सांगितलं न्हाई.”

“खुंटी कुठंय ते तुमी कदी बगितलं का? हात वर केला की सापडायची. तेवढंच तुमाला लागतंय.”

ही खुंटी साधी नव्हती. घर बांधलं त्या वर्षी गवंड्यानं विचारलं होतं, खुंटी कुठं ठोकू? पोरं रुमाल ओढून खेळतात म्हणून अप्पांनी भिंतीला पाठ लावली, हात पुरता ताणला आणि बोटाच्या टोकाशी खूण केली. सगळ्यात वरचं भोक म्हणजे बरोबर एक परस. नर्मदाबाईंची विहीर त्याच्या दुसऱ्याच वर्षी खोदली.

अप्पा उठले. भिंतीला पाठ लावली, म्हणजे जेवढी लागते तेवढी लावली, आणि हात ताणला. वरच्या भोकाला बोट पोचेना. टाचा उचलल्या. शिवम्मा म्हणाल्या, “टाचा खाली.” टाचा खाली आल्या. ईश्वरीनं स्टुलावर चढून बोट आणि भोक यांच्यामधली जागा मापली. चार बोटं.

अप्पांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “फरशी! मागनं फरशी बसवली की आपण. तवा मातीची भुई हुती. दोन बोटं फरक तितंच पडला.”

“हो, अप्पा,” ईश्वरी म्हणाली. “फरशीनं भुई वर आली. म्हंजे तुमीपण दोन बोटं वर आलाव.”

“मंग?”

“वर येऊनपण चार बोटं कमी हायती. खरी सहा.”

फरशी मांडून आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली, हे अप्पांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ते पलंगावर बसले. पन्नास वर्षं विहिरी मापलेल्या माणसाला पुढचा हिशेब कुणी सांगावा लागला नाही.

“दहा गाठी,” ते स्वतःशीच म्हणाले. “गाठीमागं सहा बोटं. साठ बोटं. चोवीस बोटांचा हात. अडीच हात.” मग शिवम्मांकडं पाहून म्हणाले, “नर्मदाबाईचा झरा अडीच हात गाळाखाली हाय.”

“जेवण वाढलंय,” शिवम्मा म्हणाल्या.

“झाकून ठिव. ईश्वरी, दोर धर.”

दोर वरच्या भोकापासून फरशीपर्यंत धरला, वर फरशीची दोन बोटं मिळवली आणि गाठ मारली. तशा दहा गाठी. अप्पांनी खुंटीवरचा रुमाल काढला. तो काढताना खुंटीकडं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

विहिरीवर सिद्धोधन यारीचे बोल्ट सैल करत होता. नर्मदाबाई बांधावर पाठ फिरवून बसल्या होत्या. सकाळची माणसंही तिथंच होती. उन्हात जायचं कुठं, म्हणून.

“सिद्धोधन, बोल्ट आवळ. काम व्हायचंय.”

“अप्पा, सकाळी तुमीच दहा म्हणालाव.”

“ते दहा माझे हुते. विहिरीचे दहा हे हायत.” त्यांनी दोर पुढं केला.

सिद्धोधननं दोन्ही दोर शेजारी धरले. सकाळचा आखूड होता. “सकाळचा दोर भिजला का काय?”

“दोर कोराच हुता,” अप्पा म्हणाले. मग त्यांनी काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मी आखडलो.”

“किती?”

“सहा बोटं.”

कुणी हसलं नाही. हसायची खरी वेळ हीच होती, पण सकाळी हसलेला माणूस आता दोराकडं पाहत होता. त्याचीही विहीर चार वर्षांपूर्वी अप्पांनीच मापली होती.

नर्मदाबाई बांधावरून उठल्या. आता तोंडसुख घेतील असं सगळ्यांना वाटलं. त्या अप्पांजवळ येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठीकडं बघितलं, मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ते टाच ठिवायचं मशीन परत कवा येणार हाय म्हणावं, ईश्वरीला इचारून सांगा.”

सिद्धोधननं बोल्ट आवळले. संध्याकाळचं ऊन कलायच्या आत बादली दगडावर खणकली, आणि चिखल निथळल्यावर भोक दिसलं. ते नर्मदाबाईंच्या मुठीएवढं नव्हतं, सिद्धोधनच्या मुठीएवढं होतं, आणि उगवतीकडं नव्हतं, मावळतीकडं होतं. नर्मदाबाईंनी त्याबद्दल काही बोलायचं टाळलं. पाणी करंगळीच्या जाडीनं येत होतं. यारी दुसऱ्या दिवशी दुपारी पेडगावला गेली.

अप्पांचं काम मात्र संपलं नाही. पुढचे आठ दिवस ते काठी टेकत गेल्या काही वर्षांत मापलेल्या सहा-सात विहिरींच्या मालकांकडं गेले आणि प्रत्येकाला सांगितलं, की तुमची विहीर मी सांगितली त्याहून थोडी उथळ आहे. हे कुणालाच आवडलं नाही. “पाणी लागलंय, पोरगं लग्नाचं हाय, बारा परस विहीर म्हणून सोयरीक सांगायलोय. आता कशाला कमी करायलाव, अप्पा?” असं एकानं हात जोडून विचारलं. अप्पांनी त्याची विहीर कमी केली आणि सोयरिकीला शुभेच्छा दिल्या.

आता ज्याला परस लागतो त्यानं दोर घेऊन अप्पांच्या घरी यायचं. वरचं भोक मोकळं केलंय, त्यात एक खिळा आहे. ईश्वरी स्टुलावर चढते, अप्पा खाली उभे राहून फरशीची दोन बोटं मिळवली का ते बघतात.

गोळ्यांचा प्रश्न वारानं सुटला. आठवड्याची एक गोळी आहे, तर ती सोमवारी घ्यावी, असं ईश्वरीनं सुचवलं. सोमवारी अप्पांचा उपवास असतोच. उपाशी राहण्यात त्यांना काही नवीन नव्हतं. पूजा झाली की गोळी, पेलाभर पाणी, आणि मग अर्धा तास भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. अप्पांनी हे सोमवारच्या व्रतातच धरलं. डॉक्टरांनी सांगितलंय असं ते म्हणत नाहीत.

पहिल्याच सोमवारी तसे उभे असताना वेळ जाईना म्हणून अप्पांनी मान वळवून भिंत न्याहाळली. खुंटीच्या खाली, तीन बोटांवर, पेन्सिलीची एक बारीक फुली होती.

“ही कशाची खूण?”

शिवम्मा चुलीपुढून म्हणाल्या, “पुढच्या खुंटीची. दिवाळीत करून ठिवली. परत स्टूल कोण मांडंल?”

“पुसून टाक.”

“ऱ्हाऊ द्या की. लागली न्हाई तर बरंच.”

फुली तशीच आहे. दर सोमवारी अर्धा तास पुरा झाला की अप्पा आधी टाचा नीट टेकल्यात का ते बघतात, मग हात वर करतात, रुमाल खुंटीवर अडकवतात आणि फुलीकडं एकदा नजर टाकतात. पुढची दिवाळी येऊन गेली. खुंटी जागची हललेली नाही. मग ते बसतात आणि शिवम्मा चहा आणतात. तो तोवर गार झालेला असतो, कारण सोमवारीसुद्धा त्या तो पूर्वीच्याच वेळेला करतात.